काकूला डॉक्टर काय म्हणाले

आप्पा, एका प्रश्नाचं उत्तर मला अठरा वर्षांत सापडलेलं नाही, आणि आज हे लिहायला बसतानाही ते माझ्याजवळ नाही. कल्याणच्या त्या दवाखान्यात डॉक्टर जे बोलले, ते तुम्ही काकूला का सांगितलं नाहीत?

तुम्ही इतक्या जणांना इतक्या दवाखान्यांत घेऊन गेलात, की तो एक दिवस तुमच्याही लक्षात राहिला नसेल असं मला पूर्वी वाटायचं. माझ्या मात्र तो बाकासकट लक्षात आहे. मी नऊ वर्षांची. आई गावी गेलेली, शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मलाही बरोबर घेतलंय. खालच्या वाडीतली काकू पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईला आणलेली, म्हणजे आपल्या भाषेत मुंबईला, खरं तर ठाकुर्लीला. नवं लुगडं नेसून ती बाकावर पाय वर घेऊन बसलीय. डॉक्टर तरुण आहे, हिंदी बोलणारा. तो कागदाच्या मागे पेनानं पोट काढतो, त्यात एक गोल काढतो आणि म्हणतो, "देखिए, गाँठ है. ऑपरेशन करना पड़ेगा. देर मत कीजिए, अगले हफ्ते भर्ती कर दीजिए." काकू तुमच्याकडे बघते. "काय म्हनतोय वो?" आणि तुम्ही एक क्षणही न थांबता म्हणता, "अशक्तपणा आहे म्हणतोय. गोळ्या देतोय. आराम करायचा." काकू हसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग यवढ्यासाठी यवढ्या लांब आनलंत होय मला?"

मला टीव्हीमुळे हिंदी कळायचं. मी म्हणाले, "आप्पा, ते गाठ म्हणाले." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही." आवाज चढवला नव्हता, पण घरी तुम्ही त्या आवाजात कधी बोलत नव्हता. काकूनं विचारलं, "काय म्हनते गो ती?" तुम्ही म्हणालात, "काय नाय, वडा हवाय म्हणते." मग बाहेर आल्यावर तुम्ही मला खरंच वडा घेऊन दिलात. काकूनं आपल्या हातानं त्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला, उरलेला कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. आणि मी तो खाल्ला.

ठाकुर्लीच्या चाळीतली आपल्या गावकरी मंडळाची खोली आता एका टॉवरच्या पायाखाली गेली. आठवायला बसले की ती जागा नाही आठवत, तिथली रीत आठवते. गावाहून नवा आलेला माणूस आधी खोलीवर यायचा आणि मग शहरात जायचा. ढोलकी, झांजा, पत्र्याची पेटी, पेटीत रजिस्टर, आणि रजिस्टराच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं: कोणत्या कंपनीत कोण ओळखीचं, कोणत्या शाळेत कोण शिपाई, कोणत्या दवाखान्यात कधी जायचं. कुणालाही कुठंही बोलायचं असलं की लोक म्हणायचे, "चिटणीसांना घेऊन जा." रेशनच्या कचेरीत तुम्ही, कंपनीच्या गेटवर तुम्ही, मुलांच्या प्रवेशाला तुम्ही. आणि काही वाईट बातमी असली की ती महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभेत ठेवायची, मोठ्या माणसांनी विचार करायचा, मग घरच्या कर्त्या पुरुषाला कळवायचं. ज्याची गोष्ट असेल त्याला सगळ्यात शेवटी. कुणी हे लिहून ठेवलं नव्हतं, पण कुणी मोडतही नव्हतं.

काकूची गाठही तशीच सभेत ठेवली गेली. मी दाराशी बसून ऐकत होते. ठरलं, की तिच्या नवऱ्याला पत्र लिहायचं. तुम्ही लिहिलंत. तोपर्यंत काकू गोळ्यांची पुडी घेऊन गावी गेली होती. काकांचं उत्तर आलं, भातकापणी झाली की बघतो. तुम्ही दुसरं पत्र लिहिलंत. उत्तर आलं, शिमगा होऊ दे. शिमग्याच्या आधीच काकू गेली. तुम्ही गावाहून परत आलात, आणि चौथ्या दिवशी डोंबिवलीहून माझ्यासाठी एक जाड शब्दकोश घेऊन आलात. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन उभ्या रांगा. म्हणालात, "समोरचा जे बोलेल ते पूर्ण कळलं पाहिजे तुला." मला वाटलं, शाळेसाठी आहे. त्यानंतर तुम्ही कुणालाच दवाखान्यात घेऊन गेला नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला लागलात, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. तोवर तुम्हीही नव्हता. कंपनीत कामावर असतानाच गेलात. आम्हाला निरोप मंडळाकडूनच आला, तोही आधी शेजारच्या काकांना.

मंडळानं आमच्यासाठी काय केलं ते मी विसरलेले नाही. माझी शाळा, आईला डबे पोचवायचं काम, तुमचे कंपनीतले कागद, सगळं त्यांनी बघितलं. मंडळ नसतं तर आपल्या घरात पदवी आली नसती. पदवी मिळाली तेव्हा गुणगौरव समारंभात मला शाल-नारळ दिला, आणि पुढे मी वेगळी भाषा शिकले तेव्हा परत एकदा दिला. अध्यक्षकाका भाषणात म्हणाले, "आपल्या चिटणीसांच्या मुलीने कोरियन केलं." मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी काय, कम्प्युटरचं काय?" अध्यक्षकाकांनाही नक्की माहीत नव्हतं, ते म्हणाले, "त्यातलंच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत होती. अध्यक्षकाकांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तिनं मागं वळून बघितलं, कोण बोलणार म्हणून. तीस वर्षं ठाकुर्लीत राहून ती बँकेच्या खिडकीपुढेही तशीच मागं वळून बघते. तिला बोलता येत नाही असं नाही, नळावर भांडताना तुम्ही तिला ऐकलंय.

कोरियन कशी काय, असं तुम्ही विचारलं असतंत. कॉलेजातल्या मैत्रिणी मालिका बघायच्या, त्यांना हिरो आवडायचे, मला अक्षरं आवडली. क्लास लावला, सुटला, परत लावला. तुमच्या शब्दकोशात तिसऱ्या रांगेनंतर जी कोरी पट्टी राहते, तिथं मी पेनानं चौथी रांग लिहीत गेले. आता ठाण्यात एका ऑफिसात कागदपत्रांचा अनुवाद करते, आणि शनिवारी बाळकुमला जाते.

बाळकुमचं तुम्ही पाहिलेलं गाव आता टॉवरांच्या मधे कुठंतरी शिल्लक आहे. तिथं एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. आसपास राहणाऱ्या पंधरा-वीस कोरियन कुटुंबांनी तो भाड्यानं घेतलाय. रविवारी तिथं प्रार्थना आणि मग सगळ्यांचं एकत्र जेवण, शनिवारी मुलांची कोरियन शाळा. त्याच वेळी शेजारच्या खोलीत मी त्यांच्या आयांना थोडं हिंदी, थोडं इंग्रजी शिकवते, आणि लागेल तिथं त्यांच्याबरोबर जाते. हा सगळा संसार पाळकांची, म्हणजे त्यांच्या पाद्र्यांची, बायको चालवते. तिला सगळे आदरानं 'सामोनिम' म्हणतात, मीही तेच म्हणते. साठीची, बुटकी, सतत चालणारी बाई. नवं कुटुंब येणार असलं की विमानतळावर आधी तीच उभी असते, एक पिशवी घेऊन. पिशवीत तांदूळ, वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि एक कागद. तो कागद तिनं मला पहिल्याच दिवशी दाखवला. कोणत्या दवाखान्यात कोणता डॉक्टर, कोणत्या शाळेत कोण भेटेल, भाजी कुठली घ्यावी. मला हसू आलं. तिनं विचारलं, का हसतेस? मी म्हणाले, माझ्या वडिलांकडे असंच एक पान होतं. तेव्हापासून ती मला भांडी घासायच्या यादीत धरायला लागली. तिथं यादीत नाव असणं म्हणजे तुम्ही त्यांचे. आपल्याकडे महाप्रसादाला वाढप्यांत नाव लागायचं, तसंच.

मी शनिवारी तिथं शिकवायला जाते आणि बघत बसते, हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागावणार नाही. मला फार कुतूहल वाटतं, आप्पा. दहा वर्षं ठाण्यात राहिलेली बाई वॉचमन आणि रिक्षावाला यांच्यापलीकडे कुणाशी हिंदी बोललेली नसते, कारण बाकी सगळं हॉल बोलतो. मला वाटायचं, म्हणजे हॉलनं तिला अडवून ठेवलंय. पण त्याच हॉलमध्ये सामोनिम नव्या बाईला शिकवते, की शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते तेव्हा रिकाम्या कपाळानं जायला लाजू नकोस, कपाळ पुढे कर आणि वाण दोन्ही हातांनी घे. चहा दोनदा नको म्हणालीस तरी तिसऱ्यांदा येणार, तेव्हा पहिल्यांदाच अर्धा कप घे. हे तिला दुसरं कोण सांगणार होतं? म्हणजे ठाणं त्यांना भेटतं, पण हॉलच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं. तुम्हीही आम्हाला मुंबई तशीच दाखवलीत का? आणि ती खिडकी नसती, तर आम्हाला जास्त दिसलं असतं की काहीच दिसलं नसतं?

नोव्हेंबरात त्या बायका कोबीच्या ढिगाला मीठ लावून हिवाळ्याची बेगमी करतात. इथं हिवाळा नसतो, तरी करतात. त्या दिवशी इमारतीची मालकीण आजी जिना चढून वर आली. ती तिथल्याच जुन्या घरातली. तिचा सासरा मिठागरावर राबायचा, आता त्या घराच्या तीन इमारती आहेत, पण आजी अजून नऊवारी काष्टा घालून पायरीवर बसते. तिनं टबात डोकावून पाहिलं आणि ओरडली, "आगो बाय, यवरं बारीक मीठ? यानं पाला सरंल ना गो!" बारीक मिठानं पाला सडेल, असं भाषांतर करायला मी तोंड उघडणार तोवर ती खाली गेलीसुद्धा, आणि खडेमिठाची गोणी नातवाकडून वर पाठवली. मागून स्वतः आली. सामोनिमनं एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग त्या दोघी टबाशी बसून पानापानांत मीठ घालायला लागल्या. आजी म्हणायची "आजून", सामोनिम मान हलवायची; सामोनिम कोरियनमध्ये पुरे म्हणायची, आजी थांबायची. मी हात बांधून उभी. माझी कुणालाच गरज पडली नाही. मला मजा वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात शाळेची चिठ्ठी आली.

सहा वर्षांची एक मुलगी आहे. आई-वडील वर्षभरापूर्वीच आलेत. शनिवारी हॉलमध्ये सगळ्यात मोठा आवाज तिचा. खेळात राज्य कुणावर हे तीच ठरवते. तिची इंग्रजी शाळेतली चिठ्ठी तिच्या आईला वाचता येईना, म्हणून तिनं ती सामोनिमला दाखवली. सामोनिमनं वाचून सांगितलं, मुलगी शांत आहे, शिस्तीची आहे, बाईंना भेटायला बोलावलंय. आई खूश होऊन गेली. मग सामोनिमनं ती चिठ्ठी मला दिली. त्यात लिहिलं होतं, की मुलगी जूनपासून वर्गात एकही शब्द बोललेली नाही. तिचे कान आणि बोलणं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. कारण समजेपर्यंत पुढच्या वर्गाचं काही सांगता येणार नाही.

"शुक्रवारी मीही येते," सामोनिम म्हणाली. "तू बाईंशी बोल. तिच्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन."

"काय सांगणार?"

"शाळेला ती आवडते, एवढंच. बाकीचं रविवारी जेवणानंतर मोठी माणसं बसून ठरवतील. मग पाळक तिच्या नवऱ्याशी बोलतील. ती अजून नवी आहे. आधीच रडते."

आप्पा, माझ्या तोंडात त्या वड्याच्या तेलाची चव आली. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण खरंच आली.

जिना उतरताना आजी पायरीवर होती. "काय गो, त्वांड का असं?" मी तिला सगळं सांगून टाकलं. ती वाल सोलत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "पोर कोनाची? त्या बायचीच ना? मंग गावाला आधी नं आयशीला मागनं, यो कुठला न्याय?" मी म्हणाले, "तेच ना, आजी." तर ती म्हणाली, "पन तुजं काम जाईल हां. मग नको बोलूस, आजीनं सांगलं नाय म्हणून."

शुक्रवारी वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही तिघी आणि समोर वर्गशिक्षिका. ती मराठीच. दिवसभर बोलून घसा बसलेला. इंग्रजीत सुरुवात केली आणि दोन वाक्यांत मराठीवर आली. "अहो, मी तक्रार नाही करत हो. मला काळजी वाटते. हुशार आहे, वहीत सगळं बरोबर असतं, पण हजेरीला नुसता हात वर करते. शू लागली तरी सांगत नाही, दोनदा तसंच झालं. मला कळतच नाही हिला काय हवंय." मग चिठ्ठीतलं सगळं तिनं परत सांगितलं. सामोनिमनं मुलीच्या आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोरियनमध्ये सुरू केलं, "बाई म्हणतात..."

मी म्हणाले, "सामोनिम, मला माफ करा." आणि मुलीच्या आईकडे वळून पहिल्यापासून सगळं सांगितलं. हजेरीचं, कान तपासायचं, पुढच्या वर्गाचं. शूचंही सांगितलं. मधेच मला एक साधा शब्द आठवेना, तो मी हातवारे करून सांगितला. सांगताना वाटत होतं, आता ही कोसळेल, आणि ते माझ्यामुळे असेल. तुम्हालाही तसंच वाटलं होतं का? काकूचा चेहरा बघून?

ती रडली नाही. तिनं विचारलं, "जेवते का?" मी ते शिक्षिकेला विचारलं. "कुणाशेजारी बसते? खेळाच्या तासाला कुठं असते? हसते का?" हे प्रश्न त्या खोलीत आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. शिक्षिका म्हणाली, डबा खाताना ती रोज एकाच मुलीशेजारी बसते, पाण्याच्या नळापाशी. दोघी एकमेकींच्या डब्यातलं खातात. बोलत नाहीत, पण रोज तिथंच. मी सांगितलं. आईनं ते ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता शिक्षिकेकडे बघून म्हणाली, "मैं आऊँ? डब्बा टाइम. मैं बैठूँ?"

शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम वहीत काहीतरी लिहायला लागले. मग तिलाच उत्तर द्यावं लागलं. "अं... बड़ी मैडम को पूछना पड़ेगा. आप पूछो."

"मैं पूछूँगी," ती म्हणाली. सोमवारी ती एकटी जाऊन विचारून आली. हॉलला नंतर कळलं.

हॉलपाशी रिक्षातून उतरल्यावर सामोनिम आजीच्या पायरीवर बसली आणि मलाही बसायला सांगितलं. म्हणाली, "तू केलंस ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. मी या देशात आले तेव्हा हा हॉल नव्हता. जे काही वाईट कळायचं ते मी एकटीनं ऐकलं, परक्या माणसांच्या तोंडून. तेव्हाच ठरवलं, माझ्यानंतर येणाऱ्या कुणीही असं एकटीनं ऐकायचं नाही." एवढं बोलून ती उठून वर गेली. पुढचे दोन शनिवार भांड्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. तिसऱ्या शनिवारी होतं, सगळ्यात खाली.

मुलगी अजून वर्गात बोलत नाही. कान चांगले आहेत, वेळ द्या, असं तज्ज्ञ म्हणाले. आई आठवड्यातून एकदा डब्याच्या सुट्टीत नळापाशी बसते. तिथं येणाऱ्या दुसऱ्या दोन आयांशी तिचं तोडक्यामोडक्या हिंदीत काय काय चालतं, ते मला माहीत नाही, कारण तिला मी लागत नाही. मी बरोबर केलं असं हे सांगून मला सिद्ध करायचं नाही. सामोनिमचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. पायरीवर ती जे बोलली, तेच तुमच्या मनात असेल का? काकूनं परक्या डॉक्टरच्या तोंडून, परक्या बाकावर, एकटीनं ऐकू नये, आपल्या माणसांत ऐकावं, असं? आणि मग आपल्या माणसांनीच शिमग्यापर्यंत वेळ लावला? की तुम्हाला नुसती भीती वाटली? हे तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं. तुम्ही शब्दकोश आणलात तेव्हा विचारता आलं असतं. पण मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही, हे मी तोवर नीट शिकले होते.

काकूची मुलगी खडवलीला दिलेली आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर, मागे वाडी. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. मी तिला ताई म्हणते. तिनं भाकरी टाकली, मी चुलीपाशी बसून सगळं सांगायचं म्हणून सुरुवात केली. डॉक्टरनं गाठ म्हटलं होतं, ऑपरेशन म्हटलं होतं, हे सांगितलं. तिचा हात तव्यावर तसाच राहिला. मग तिनं विचारलं, "मंग आप्पाकाकांनी आईला सांगितलं का नाय?"

आणि आप्पा, माझ्या तोंडून निघालं, "त्यांना तेव्हा हिंदी नीट कळत नव्हतं, ताई."

तुम्ही, कंपनीतल्या हिंदी नोटिसा अख्ख्या खात्याला वाचून दाखवणारे! ताई म्हणाली, "हां, तेव्हा कुणाला येत होतं," आणि उलट तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या वडिलांना तुम्ही लिहिलेल्या दोन पत्रांचंही मी बोलले नाही. तेही आता नाहीत, कशाला, असं वाटलं. परत येताना मला कळलं, की त्या दवाखान्यात तुम्ही जेवढा वेळ घेतलात, तेवढाच मीही घेतला. एक क्षणसुद्धा नाही. सामोनिमपुढे छाती काढून बोललेली मी, स्वतःच्या वडिलांचं भाषांतर करायची वेळ आली तेव्हा 'अशक्तपणा' म्हणून मोकळी झाले.

हे पत्र कुठं पाठवणार? मंडळाच्या सभेची निमंत्रणं अजूनही तुमच्या नावानं येतात, कुणी नाव बदललेलं नाही. त्या पत्त्यावर टाकलं तर ते सभेत वाचलं जाईल, आणि तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल. म्हणून ते शब्दकोशातच ठेवते, चौथ्या रांगेच्या पानांत.

पण काल मी परत खडवलीला गेले होते. या वेळी भाकरीची वाट बघितली नाही, अंगणातच सांगितलं. आप्पांना हिंदी चांगलं येत होतं. त्यांना सगळं कळलं होतं. सभेत ठेवलं, तुझ्या बाबांना दोन पत्रं लिहिली, त्यांची उत्तरंही आली. उत्तरांत काय होतं तेही सांगितलं. ताई ओट्यावर बसली. मग म्हणाली, "आणि तू? तूही होतीस ना तिथं?"

"होते."

"मंग?"

"मी बोलले, तर आप्पा म्हणाले हिला वडा हवाय. मी वडा खाल्ला, ताई."

ती उठून मागे वाडीत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. "तुझ्या आईला दे," म्हणाली, "कोवळ्या आहेत, आजच करायला सांग." मी पिशवी घेतली, "येते" म्हणाले. ती "ये" म्हणाली नाही. फाटकापर्यंत मात्र बरोबर आली.